विमान उडते कोणाच्या बळावर?

युद्धाची कथा सांगताना इतिहासाची नजर नेहमी आकाशाकडे असते. शत्रूवर झेपावणारा वैमानिक तिला दिसतो. त्याच दिवशी पहाटेच्या अंधारात त्याच्या विमानाचे इंजिन तपासून ठेवणारा फिटर दिसत नाही. दुसरे महायुद्ध संपले तेव्हा भारतीय हवाई दलात सुमारे २८,५०० माणसे होती आणि त्यांत अधिकारी होते केवळ १,६०० च्या आसपास. उरलेल्यांतील बहुतेकांचे सारे युद्ध जमिनीवर, तेल आणि वंगणाने माखलेल्या हातांनी लढले गेले.

या कामाची जोखीम थोडी नव्हती. ब्रिटिश हवाई दलाकडून आलेल्या पद्धतीनुसार प्रत्येक विमानासाठी ‘फॉर्म ७००’ नावाची नोंदवही असे. इंजिन पाहणारा फिटर, विमानाचा सांगाडा पाहणारा रिगर, तोफा आणि बाँब सांभाळणारा आर्मरर असे सर्व कारागीर आपापल्या कामाखाली सही करीत आणि मगच वैमानिक सही करून विमान ताब्यात घेई. कचेरीतील कागदावर चुकीची सही झाली तर कागद परत येतो. या वहीत चुकीची सही झाली तर माणूस परत येत नसे.

या वर्गातून वर आलेले नाव म्हणजे हरजिंदर सिंग. लाहोरच्या मॅक्लॅगन अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेल्या या तरुणाने प्रतिष्ठेची खुर्ची न शोधता ‘हवाई शिपाई’ हे अगदी खालचे पद पत्करले. १ एप्रिल १९३३ रोजी कराचीच्या ड्रिघ रोड तळावर भारतीय हवाई दलाची पहिली स्क्वाड्रन उभी राहिली, तेव्हा तिच्यात मूठभर अधिकारी आणि वीसएक हवाई शिपाई होते. विमानासारखे नाजूक यंत्र हिंदी माणसाच्या हाती सुरक्षित राहील काय, ही राज्यकर्त्यांची शंका होती. तिला उत्तर द्यावयाचे होते ते या शिपायांनी.

ते उत्तर १९४२ मध्ये ब्रह्मदेशात मिळाले. स्क्वाड्रनकडे होती लायसँडर विमाने. लष्कराला टेहळणीत साहाय्य करणे हे त्यांचे मुख्य काम. तंत्रज्ञांनी त्यांना बाँब अडकवण्याची सोय केली आणि करुण कृष्ण मजुमदार यांच्या नेतृत्वाखाली याच संथ विमानांनी थायलंडमधील जपानी विमानतळावर हल्ला चढवला. मजुमदार यांना शौर्यपदक लाभले, ते सर्वथा योग्यच होते. हरजिंदर सिंग यांनाही त्याच वर्षी अधिकारपद मिळाले आणि पुढे ते एअर व्हाइस मार्शल होऊन वायुसेनेच्या मेंटेनन्स कमांडचे प्रमुख झाले. त्यांच्याबरोबर पाने फिरवणारे बाकीचे हात मात्र अनामिकच राहिले. युद्ध संपताच त्यांच्यापैकी हजारोंना सेवामुक्त करण्यात आले.

याच मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय आज नागपुरात आहे आणि नाशिकजवळच्या ओझर येथे वायुसेनेच्या लढाऊ विमानांची मोठी दुरुस्ती होते. महाराष्ट्रातील किती विद्यार्थ्यांना हे ठाऊक असेल? हाताने काम करणाऱ्याकडे पाहण्याची आपल्या समाजाची दृष्टी अजून बदललेली नाही. गुण कमी पडले म्हणून मुलाला आय. टी. आय. मध्ये घालावे लागले, असे आईबाप आजही खालच्या आवाजात सांगतात. लेखणी धरणारा हात श्रेष्ठ आणि पाना धरणारा कनिष्ठ, ही समजूत शाळेच्या वर्गातच रुजते. ती उपटून काढावयाची तर तेथेच काढली पाहिजे. वैमानिकाच्या पराक्रमाचा धडा शिकवणाऱ्या शिक्षकाने त्याच तासाला त्या नोंदवहीतील सह्यांविषयीही दोन शब्द सांगावेत. पदके आकाशात मिळाली असतील. पण त्या आकाशात जाण्याचा परवाना जमिनीवरच्या माणसाने सही करून दिलेला होता.