सुईचे भय, रक्ताचे दान

दानाची थोरवी आपल्या समाजाला नवी नाही. दधीची ऋषींनी अस्थी दिल्या, शिबी राजाने कबुतराच्या रक्षणासाठी स्वतःचे मांस कापून दिले, कर्णाने अंगावरची कवचकुंडले उतरवून दिली. या कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या आहेत. या सर्व दानांत दात्याला कायमचे काहीतरी गमवावे लागले. रक्तदानाचे तसे नाही. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे पाच लिटर रक्त असते. त्यातून एका वेळी ३५० किंवा ४५० मिलिलिटर रक्त घेतले जाते. त्यातील द्रवाची भरपाई शरीर एकदोन दिवसांत करते आणि तांबड्या पेशीही काही आठवड्यांत पुन्हा तयार होतात. देऊनही न सरणारे असे हे दान आहे. तरीही रक्तदानाचे महत्त्व मनापासून मान्य असणारी असंख्य माणसे रक्तपेढीच्या दारापर्यंत जाऊन परत फिरतात. त्यांना अडवते ती एक बारीकशी सुई.

सुईची ही भीती बहुतेकांना क्षुल्लक वाटते. ‘एवढ्याशा टोचण्याला काय घाबरायचे?’ असे म्हणून ती हसण्यावारी नेली जाते. परंतु ज्याच्याकडे देण्यासारखे निरोगी रक्त आहे, देण्याची इच्छाही आहे, असा एक माणूस त्या भीतीमुळे परत जातो, तेव्हा त्याची किंमत तिसऱ्याच कोणाला मोजावी लागते. प्रसूतीनंतर रक्तस्राव थांबत नसलेली माता, रस्त्यावरील अपघातात सापडलेला प्रवासी, कर्करोगावरील उपचार घेणारा रुग्ण, दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त घेतल्यावाचून ज्याला जगता येत नाही असे थॅलसेमियाग्रस्त बालक, या सर्वांचे आयुष्य अनोळखी माणसांच्या दंडावर अवलंबून असते. विज्ञानाने एवढी प्रगती केली, पण मानवी रक्ताची जागा घेईल असे द्रव्य अद्याप कोणत्याही कारखान्यात निर्माण होऊ शकलेले नाही. रक्त माणसानेच माणसाला द्यावे लागते. म्हणूनच सुईच्या भीतीचा विचार गांभीर्याने व्हायला हवा.

‘भित्यापाठी ब्रह्मराक्षस’ अशी एक म्हण आहे. भीती ही मनाची दुर्बलता आहे आणि मन घट्ट केले की ती पळून जाते, असा समज त्या म्हणीमागे आहे. सुईच्या बाबतीत मात्र हा समज पुरेसा नाही. सामान्यतः भय वाटले की हृदयाचे ठोके वाढतात आणि रक्तदाब चढतो. रक्त किंवा सुई पाहून घाबरणाऱ्या अनेकांच्या शरीरात मात्र निराळीच क्रिया घडते. रक्तदाब प्रथम थोडा चढतो आणि मग एकाएकी खाली येतो, नाडी मंद होते, मेंदूला होणारा रक्तपुरवठा क्षणभर कमी पडतो. डोळ्यांपुढे अंधारी येते, घाम फुटतो आणि कधी घेरी येऊन माणूस कोसळतो. ही शरीराची आपोआप घडणारी प्रतिक्रिया आहे. तिचा शौर्याशी किंवा भ्याडपणाशी संबंध नाही. अंगापिंडाने धिप्पाड तरुणाला चक्कर येते आणि शेजारच्या खाटेवरील सडसडीत अंगाची स्त्री हसतमुखाने उठून चहा घेते, हे दृश्य शिबिरांना नवे नाही.

भीती बहुधा अज्ञातातून वाढते. म्हणून प्रत्यक्षात काय घडते हे आधी ठाऊक असणे हा तिच्यावरील पहिला उपाय होय. रक्तदात्याकडून प्रथम एक प्रश्नावली भरून घेतात. वजन, नाडी व रक्तदाब पाहतात. बोटाच्या टोकाला किंचित टोचून हिमोग्लोबिन तपासतात. दंडावरील टोचण्यापेक्षा हे बोटाचे टोचणेच अधिक झोंबले, असे अनेक अनुभवी दाते सांगतात. त्यानंतर दाता खाटेवर आडवा होतो, दंडाला पट्टा आवळला जातो, कोपराच्या वळणातील शीर शोधून तेथील त्वचा औषधी द्रवाने स्वच्छ केली जाते. रक्तदानाची सुई नेहमीच्या इंजेक्शनच्या सुईपेक्षा जाड असते, हे लपवण्यात अर्थ नाही. ती आत शिरताना क्षणभर कळ येते. पुढची पाच ते दहा मिनिटे हातातला चेंडू दाबत पडून राहण्यापलीकडे दात्याला काही करायचे नसते. सुई निर्जंतुक असते, एकदाच वापरली जाते आणि नंतर नष्ट केली जाते. त्यामुळे रक्त दिल्याने दात्याला कोणाचा रोग लागण्याची शक्यता राहत नाही.

भीती पूर्णपणे गेल्यावरच दान करता येते, असेही नाही. ऑस्ट्रेलियातील जेम्स हॅरिसन यांचे उदाहरण या दृष्टीने मोलाचे आहे. १९३६ साली जन्मलेल्या हॅरिसन यांच्यावर चौदाव्या वर्षी छातीची मोठी शस्त्रक्रिया झाली. अनोळखी दात्यांच्या रक्तामुळे त्यांचे प्राण वाचले. वयात येताच आपणही रक्त द्यायचे असा त्यांनी निश्चय केला आणि १९५४ पासून तो पाळला. पुढे त्यांच्या रक्तात एक दुर्मीळ प्रतिद्रव्य असल्याचे आढळले. आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह आणि गर्भाचा पॉझिटिव्ह असल्यास अर्भकाच्या जिवाला धोका संभवतो. तो टाळणारे ‘अँटी-डी’ इंजेक्शन या प्रतिद्रव्यापासून तयार होते. हॅरिसन यांनी वयाच्या ८१व्या वर्षापर्यंत, म्हणजे २०१८ पर्यंत, एकूण १,१७३ वेळा दान केले. त्यांतील बहुसंख्य वेळा त्यांचे केवळ रक्तद्रव्य घेतले गेले, म्हणूनच ही संख्या एवढी मोठी होऊ शकली. त्यांच्या दानामुळे सुमारे २४ लाख बालकांना संरक्षण मिळाले, असा तेथील रक्तसेवेचा अंदाज आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये ८८व्या वर्षी त्यांचे निधन झाले. या माणसाला सुई मुळीच आवडत नसे. हजाराहून अधिक वेळा हात पुढे करूनही त्यांनी सुई दंडात शिरताना कधी पाहिली नाही. दर वेळी ते दुसरीकडे पाहत. सहा दशकांत त्यांचे भय नाहीसे झाले नाही आणि त्या भयाने त्यांचे व्रतही मोडले नाही. धैर्य म्हणतात ते याहून निराळे काय असते?

हॅरिसन यांचा उपाय अगदी साधा होता आणि तसे साधे उपाय कोणालाही करता येतात. रक्तदानापूर्वी पुरेशी झोप घ्यावी, उपाशीपोटी जाऊ नये. दान करण्याच्या थोडे आधी अर्धा लिटर पाणी प्यायल्यास घेरी येण्याचे प्रमाण घटते, असे दिसून आले आहे. सुईकडे पाहू नये, कोणाशी तरी गप्पा माराव्यात. ‘अंग सैल सोडा’ हा सर्वांच्या तोंडी असलेला सल्ला घेरी येणाऱ्यांना फारसा उपयोगी पडत नाही. ज्याचा रक्तदाब उतरतो त्याने उलट पायांचे, मांड्यांचे व पोटाचे स्नायू काही सेकंद ताणून धरावेत, मग सोडावेत आणि पुन्हा ताणावेत. त्यामुळे रक्तदाब सावरतो. लार्स-योरान उस्त या स्वीडिश मानसशास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकात ही पद्धत सुव्यवस्थितपणे मांडली. रक्त देऊन झाल्यावर घाईने न उठता दहापंधरा मिनिटे विश्रांती घ्यावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ‘मला सुईची भीती वाटते’ हे परिचारिकेला मोकळेपणाने सांगावे. भीती लपवणाऱ्याला मदत करणे अवघड असते.

येथे दात्याइतकीच समाजाचीही जबाबदारी सुरू होते. नेत्यांचे वाढदिवस, जयंत्या, गणेशोत्सव अशा निमित्तांनी आपल्याकडे मोठी शिबिरे भरतात. त्यांमागील भावना चांगली असते. परंतु किती पिशव्या जमल्या याची चढाओढ लागली की माणूस मागे पडतो आणि आकडा पुढे येतो. घाबरलेल्या तरुणाची मित्रांसमोर थट्टा होते, त्याला खाटेकडे ढकलले जाते, भेटवस्तूंचे आमिष दाखवले जाते. अशा दडपणाखाली दिलेले रक्त दोन प्रकारे घातक ठरू शकते. अपमानित झालेला दाता पुन्हा कधी फिरकत नाही, हे एक. दुसरे असे की, प्रतिष्ठेपायी किंवा भेटीच्या मोहाने आलेला माणूस प्रश्नावलीत आपले आजार लपवू शकतो. प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, ‘बी’ व ‘सी’ प्रकारची कावीळ, सिफिलिस व हिवताप यांसाठी तपासणी होते. तथापि संसर्गाच्या अगदी सुरुवातीच्या काळात तो चाचणीत न आढळण्याचा संभव असतो. तेथे दात्याचा प्रामाणिकपणा हेच रुग्णाचे संरक्षण असते. पैसे घेऊन रक्त देण्याच्या प्रथेवर सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ सालच्या निर्णयानुसार १ जानेवारी १९९८ पासून बंदी आली, तिच्यामागेही हीच चिंता होती.

चढाओढीचा आणखी एक तोटा आहे. तांबड्या पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट तर अवघे पाच दिवस. एका दिवशी हजारो पिशव्या जमल्या आणि नंतर उन्हाळ्याच्या किंवा दिवाळीच्या सुटीत कोणीच आले नाही, तर आधीची विपुलता त्या वेळी कामाला येत नाही. पुरुषाला दर तीन महिन्यांनी आणि स्त्रीला दर चार महिन्यांनी रक्तदान करता येते. वर्षातून दोनदा न चुकता येणारा शांत दाता रक्तपेढीला उत्सवातील गर्दीपेक्षा अधिक मोलाचा वाटतो. १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलेला ‘बॉम्बे रक्तगट’ इतका दुर्मीळ आहे की, त्या गटाच्या रुग्णाला त्याच गटाचे रक्त लागते आणि हाक मारताच येणाऱ्या मोजक्या दात्यांवरच त्याचा जीव विसंबून असतो. अशी हाक ऐकणारा दाता धाकाने घडत नाही. पहिल्या दानाच्या वेळी मिळालेल्या आपुलकीतून तो घडतो.

अर्थात प्रत्येकाने रक्त दिलेच पाहिजे, असा आग्रह धरणेही योग्य नव्हे. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन किमान १२.५ ग्रॅम या अटी दात्याच्या हितासाठीच आहेत. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. धीर एकवटून आलेल्या एखाद्या मुलीला या कारणाने परत पाठवले जाते, तेव्हा तिला तो नकार अपमान वाटता कामा नये. स्वतःच्या प्रकृतीकडे लक्ष देण्याची ती सूचना असते. ज्यांचे भय खरोखरच अनावर आहे, त्यांनाही शिबिराची व्यवस्था पाहणे, नोंदी ठेवणे, नवख्या दात्याच्या उशाशी बसून त्याला बोलण्यात गुंतवणे अशी कामे करता येतात. भीती स्वतः अनुभवलेला माणूस दुसऱ्याच्या भीतीला हसत नाही, ही त्याची मोठीच पात्रता आहे.

मराठीत ‘रक्ताचे नाते’ हा शब्दप्रयोग कुटुंबापुरता वापरला जातो. कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली रक्तगटांचा शोध जाहीर केला आणि या नात्याचा अर्थ विस्तारला. गट जुळला की जात, धर्म, भाषा व प्रांत यांची विचारपूस न करता एकाचे रक्त दुसऱ्याच्या शरीरात वाहू लागते. त्यांचा जन्मदिवस, १४ जून, हा २००४ पासून जागतिक रक्तदाता दिन म्हणून साजरा होतो. आपल्या देशात १ ऑक्टोबर हा राष्ट्रीय ऐच्छिक रक्तदान दिन आहे. ‘ऐच्छिक’ या शब्दातच रक्तदानाचे सारे सौंदर्य आहे. इच्छा जबरदस्तीने निर्माण होत नाही आणि थट्टेने तर ती मरते. सुईची भीती वाटणाऱ्याला धीर देणारा समाजच रक्ताच्या या मोठ्या नात्याला पात्र ठरेल. आणि ज्याला ती भीती वाटते, त्याने इतकेच लक्षात ठेवावे की कळ क्षणभराची असते. त्या क्षणाच्या पलीकडे कोणाचे तरी उरलेले सारे आयुष्य असते.