खोट्या दिव्यांचे विमानतळ

चिकपेट म्हणजे बंगळूरचा जुना कापडबाजार. कानडीत ‘चिक्क’ म्हणजे लहान आणि ‘पेटे’ म्हणजे पेठ. सणासुदीला साड्यांच्या दुकानांतील दिव्यांनी तिथे डोळे दिपून जातात. दुसऱ्या महायुद्धात मात्र दिव्यांचीच धास्ती होती. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर १९४० मध्ये याच शहरात विमानांचा कारखाना काढला होता. ६ एप्रिल १९४२ रोजी जपानी विमानांनी विशाखापट्टण आणि काकिनाडा येथे बॉम्ब टाकले, तेव्हा सगळी दक्षिण हादरली. मद्रासमधून तर हजारो लोक गाव सोडून गेले.

घरातले दिवे मालवता येतात, पण विमानतळाचे काय? रात्री आपलीच विमाने उतरायची असतात!

ब्रिटनमध्ये या पेचावर तोड काढली ती कर्नल जॉन टर्नर या निवृत्त अधिकाऱ्याने. खऱ्या विमानतळापासून काही मैल दूर, मोकळ्या रानात दिव्यांच्या रांगा मांडायच्या, म्हणजे वरून पाहणाऱ्याला तीच धावपट्टी वाटावी. दिवसासाठी लाकूड आणि कापडाची खोटी विमाने होती. ती बनवण्यात सिनेमाच्या स्टुडिओतील कारागिरांचाही हात होता. खोटे उभे करण्यात त्यांच्याइतके तरबेज कोण असणार?

रात्रीच्या अशा ठिकाणी दोन-चार माणसेच असत. शत्रूचे विमान जवळ आले की ती दिवे घाईघाईने मंद करीत, जणू आधी विसरूनच गेली होती. मग शेजारच्या तळघरात शिरायचे आणि बॉम्ब आपल्यावर पडण्याची वाट पाहायची. बॉम्ब पडला, तर काम फत्ते! कधी आपलाच वैमानिक फसून तिथे उतरू पाही. त्याला सावध करायला तांबडे दिवे लावावे लागत.

आपल्याकडे या युक्तीची आठवण होते ती भूजमध्ये. फक्त तिथे खोटे दाखवायचे नव्हते, खरे लपवायचे होते. डिसेंबर १९७१ च्या युद्धात पाकिस्तानी बॉम्बफेकीने भूजच्या धावपट्टीची चाळण झाली. तळाचे प्रमुख होते स्क्वाड्रन लीडर विजय कर्णिक, नागपूरचा मराठी माणूस. दुरुस्तीला हात अपुरे पडू लागले, तेव्हा जवळच्या माधापर गावातील सुमारे ३०० बायका आल्या. त्यांना फिकट हिरव्या साड्या नेसायला सांगितले होते. भोंगा वाजला की त्या धावत जाऊन झुडपांत बसत आणि वरून झुडपांतच जमा होत. बॉम्बहल्ल्याची टांगती तलवार डोक्यावर असताना त्यांनी ७२ तासांत धावपट्टी पुन्हा उभी केली.

पुढे सरकारने ५० हजार रुपयांचे बक्षीस दिले. ते त्यांनी आपसात वाटून न घेता गावाच्या सभागृहासाठी दिले.