आधी किक, मग फिन

स्कूबा डायव्हिंगचं सामान घ्यायला निघालेल्या माणसाला तीन मतं हमखास ऐकायला मिळतात. एक म्हणतो, पायात घालायचा फिन जितका लांब नि ताठ तितका वेग जास्त. दुसरा म्हणतो, मधोमध चिरलेला स्प्लिट फिन घ्या, दम लागणार नाही. तिसऱ्याची निष्ठा जेटफिन या आखूड, जड रबरी फिनवर. तिघांची चूक एकच: पाय कसा चालणार आहे हे न विचारताच ते फिनचा निकाल देऊन मोकळे होतात.

लांब फिनची बाजू साफ खोटी नाही. एका श्वासात खोल जाणारे फ्रीडायव्हर लांब कार्बन फायबरचे फिन घालतात, कारण त्यांना सरळ खाली जाऊन सरळ वर यायचं असतं. पाठीवर सिलिंडर घेऊन खडकांच्या कपारींतून वळणाऱ्याला मात्र तीच लांबी नडते, प्रवाळालाही फटके बसतात. पायात बळ नसताना ताठ ब्लेड घातलं तर पोटरीत गोळे येतात आणि हवाही लवकर संपते.

स्प्लिट फिनचं कौतुक फ्लटर किकपुरतं खरं आहे. पाय आळीपाळीने वरखाली मारताना त्याच्या दोन पाकळ्या सहज वाकतात आणि श्रम वाचतात. पण फ्रॉग किकमध्ये घोटे बाहेर वळवून दोन्ही तळव्यांनी पाणी मागे लोटायचं असतं. तिथे फटीतून पाणी निसटतं. बॅक किकमध्ये तर पाय मागे ताणून, ब्लेडच्या कडेने आणि वरच्या बाजूने पाणी डोक्याकडे ओढत मागे सरकायचं असतं. त्या वेळी लवचिक पाकळ्या पाणी धरतच नाहीत.

फ्रॉग किक म्हणजे हौस नव्हे. फ्लोरिडातल्या पाण्याने भरलेल्या गुहांच्या तळाशी बारीक गाळ असतो. फ्लटर किकचा झोत खाली गेला की गाळ उठतो आणि परतीची दोरी काही क्षणांत दिसेनाशी होते. म्हणून तिथे फ्रॉग किक आणि तिला साजेसे आखूड, रुंद, ताठ रबरी फिन रुजले. 1964 साली फ्रान्सच्या जॉर्ज बोशा यांनी आणलेला जेटफिन याच कामात आजही टिकून आहे.

मग जेटफिनच सर्वांत उत्तम? तसंही नाही. तो जड आहे. थंड पाण्यात ड्रायसूटमधली हवा पाय वर उचलते, तिथे हे वजन उपकारक ठरतं. मालवणच्या उबदार पाण्यात पातळ सूट घालणाऱ्याचे पाय त्याने खाली ओढले जाऊ शकतात. शरीर तिरपं झालं की फ्रॉग किकचाही झोत तळावरच आपटतो.

मालवण-तारकर्लीसाठी मध्यम लांबीचा, बेताचा ताठ आणि वजनाला हलका साधा अखंड ब्लेडचा फिन योग्य. प्रवाहाविरुद्ध जाताना त्यावर फ्लटर किक मारता येते आणि खडकाजवळ फ्रॉग किकही जमते. प्रशिक्षकांनी नवशिक्यांना फ्रॉग किक सुरुवातीलाच शिकवावी आणि खरेदीचा सल्ला त्यानंतर द्यावा.