सरपंचाला सातवी पास, खासदाराला काहीच अट नाही? पालघरचे नेते किती शिकलेत आणि पाकिस्तानात पदवीची अट का फसली

निवडणूक जाहीर झाली की बोईसर-पालघरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. "एमआयडीसीत मशीन चालवायला आयटीआयचं सर्टिफिकेट मागतात, मग देश चालवणाऱ्या आमदार-खासदाराला शिक्षणाची अट का नाही?" खाली धडाधड अंगठे पडतात. तारापूरच्या कारखान्यांत गेटवर सर्टिफिकेटची फाईल घेऊन उभं राहिलेल्या पोरांना हा मेसेज पटणारच. माझ्याही घरच्या ग्रुपवर तो दर निवडणुकीला येतो.

प्रश्न रास्त आहे. पण त्याचं उत्तर वाटतं तितकं सोपं नाही. कारण आपल्या शेजारच्या पाकिस्तानने ही अट खरोखर लावून पाहिली होती. आणि आपल्या पालघर जिल्ह्याने वकील, डॉक्टर आणि वडापाव विकलेला कार्यकर्ता असे सगळ्या प्रकारचे लोकप्रतिनिधी पाहिले आहेत.

आधी नियम काय सांगतो ते बघू.

संविधानात शिक्षणाची अट नाहीच

लोकसभा लढवायची तर संविधानाच्या कलम ८४ नुसार तुम्ही भारताचे नागरिक हवेत आणि वय किमान २५ हवं. विधानसभेसाठी कलम १७३ आहे, तिथेही २५ वर्षं. पालघरसारख्या राखीव मतदारसंघात उमेदवार अनुसूचित जमातीचा असावा लागतो. शाळा-कॉलेजचा उल्लेख कुठेही नाही.

हे चुकून राहून गेलं असंही नाही. २६ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत समारोपाचं भाषण करताना डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी आमदार-खासदारांसाठी पात्रता ठरवता आली नाही, याबद्दल खंत व्यक्त केली होती. पण त्या काळात देशातली बहुसंख्य जनता निरक्षर होती. मत देण्याचा हक्क सगळ्यांना आणि निवडून येण्याचा हक्क मूठभर शिकलेल्यांना, असं होऊ नये म्हणून दार उघडं ठेवलं गेलं.

पाकिस्तानने अट लावली, मग काय झालं?

२००२ साली जनरल परवेझ मुशर्रफ यांच्या राजवटीत नियम आला, की संसद किंवा प्रांतिक विधिमंडळ लढवायचं तर पदवी हवी. एका फटक्यात अनेक जुने नेते बाद झाले. दुसरीकडे मदरशांच्या सनदा पदवीच्या बरोबरीच्या धरल्या गेल्या. त्यामुळे 'शिकलेला' म्हणजे नक्की कोण, हा घोळ पहिल्या दिवसापासून होता.

एप्रिल २००८ मध्ये पाकिस्तानच्या सुप्रीम कोर्टाने ही अट रद्द केली. पण तोवर त्याच वर्षीची निवडणूक या अटीवर होऊन गेली होती. २०१० मध्ये पदव्यांची तपासणी सुरू झाली आणि बनावट पदव्यांचं प्रकरण फुटलं. तेव्हाचे बलुचिस्तानचे मुख्यमंत्री अस्लम रईसानी यांनी तर सांगून टाकलं, की पदवी ही पदवी असते, खरी असो की खोटी. आजही पाकिस्तानात या वाक्यावर मीम बनतात.

यातला सगळ्यात गाजलेला माणूस म्हणजे मुझफ्फरगढचे जमशेद दस्ती. इस्लामी अभ्यासातली पदव्युत्तर पदवी असल्याचा त्यांचा दावा होता. मार्च २०१० मध्ये कोर्टाने त्यांना कुराणातल्या पहिल्या दोन अध्यायांची नावं विचारली, ती त्यांना सांगता आली नाहीत. त्यांनी राजीनामा दिला. गंमत बघा, दोनच महिन्यांत पोटनिवडणूक झाली आणि हेच दस्ती पुन्हा निवडून आले. २०१३ मध्ये खालच्या कोर्टाने शिक्षा सुनावली, हायकोर्टाने ती रद्द केली आणि ते परत जिंकले. शेवटी जुलै २०२५ मध्ये पाकिस्तानच्या निवडणूक आयोगाने शिक्षणाच्या खोट्या माहितीवरून त्यांना अपात्र ठरवलं.

पंधरा वर्षं चाललेल्या या प्रकरणातून दोन गोष्टी कळतात. अट लावली की शिक्षण वाढत नाही, प्रमाणपत्रांचा बाजार वाढतो. दुसरी गोष्ट, पदवीची अट २००८ मध्येच गेली, तरी दस्तींचा प्रश्न संपला नाही. कारण तो प्रश्न कमी शिकण्याचा नव्हताच, खोटं सांगण्याचा होता.

आता पालघरकडे येऊ

१ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झालेला आपला जिल्हा. २०११ च्या जनगणनेप्रमाणे लोकसंख्या ३० लाखांच्या आसपास आणि त्यातले ३७ टक्क्यांहून जास्त आदिवासी. इथल्या काही नेत्यांची वाटचाल बघा.

अ‍ॅड. चिंतामण वनगा. तलासरी तालुक्यातल्या कवाडा गावचे. आदिवासी घरातून येऊन बी.ए., एलएल.बी. झाले. भाजपकडून १९९६ आणि १९९९ ला तेव्हाच्या डहाणू मतदारसंघातून लोकसभेत गेले. २००९ ला नव्याने झालेल्या पालघर मतदारसंघात बहुजन विकास आघाडीच्या बळीराम जाधवांकडून हरले. त्याच वर्षी विक्रमगडमधून आमदार झाले आणि २०१४ ला परत खासदार. ३० जानेवारी २०१८ ला दिल्लीत त्यांचं निधन झालं. वकिलीची पदवी तीच होती. लोकांनी तिच्यासकट त्यांना निवडलंही आणि पाडलंही.

त्यांच्यानंतरची पोटनिवडणूक आठवत असेल. भाजपने काँग्रेसमधून आलेल्या राजेंद्र गावितांना तिकीट दिलं, तर वनगांचे चिरंजीव श्रीनिवास शिवसेनेकडून उतरले. गावित २९,५७२ मतांनी जिंकले. २०१९ ला तेच गावित शिवसेनेचे खासदार झाले आणि श्रीनिवास आमदार. २०२४ ला गावित आधी भाजपमध्ये गेले, मग विधानसभेला शिंदेंच्या शिवसेनेकडून पालघरचे आमदार झाले. श्रीनिवास यांचं तिकीट कापलं गेलं. या सगळ्या उलथापालथीत कोण किती शिकलंय, हा प्रचाराचा मुद्दा कधी झालाच नाही.

आताचे खासदार डॉ. हेमंत सावरा हे अस्थिरोगतज्ज्ञ. २०२४ ला त्यांनी ठाकरे गटाच्या भारती कामडी यांना १ लाख ८३ हजारांहून जास्त मतांनी हरवलं. त्यांचे वडील विष्णू सावरा राज्याचे आदिवासी विकास मंत्री होते. आणि हेच डॉक्टर २०१९ ला विक्रमगड विधानसभेत राष्ट्रवादीच्या सुनील भुसारांकडून हरले होते. डिग्री २०१९ लाही तीच होती.

दुसऱ्या टोकाला डहाणूचे आमदार विनोद निकोले. माकपचे पूर्णवेळ कार्यकर्ते. परिस्थितीमुळे कॉलेज अर्धवट सुटलं, पोटासाठी वडापाव विकला. २०१९ ला त्यांनी भाजपचे आमदार पास्कल धनारे यांना हरवलं. तेव्हा प्रतिज्ञापत्रात त्यांची मालमत्ता जेमतेम ५१ हजारांची होती आणि राज्यातला सगळ्यात गरीब आमदार म्हणून ते चर्चेत आले. २०२४ ला लोकांनी त्यांना पुन्हा निवडलं. पदवीची अट असती, तर त्यांचा अर्ज छाननीतच बाद झाला असता.

मग शिक्षणाचा उपयोग शून्य का? अजिबात नाही. गोदावरी परुळेकर महाराष्ट्रातल्या कायद्याच्या पहिल्या महिला पदवीधर. त्या शिक्षणाच्या जोरावर त्यांना मुंबईत आरामात राहता आलं असतं. पण १९४५ मध्ये त्या वारल्यांच्या पाड्यांवर होत्या. मे महिन्यात आजच्या तलासरी तालुक्यातल्या झरी गावी सभा झाली आणि वेठबिगार, लग्नगडी या प्रथांविरुद्धचा लढा पेटला. त्या लढ्यात उभे राहिलेले बहुतेक वारली कधी शाळेत गेले नव्हते. शिकलेली बाई आणि न शिकलेली माणसं एकत्र आली, म्हणून तो लढा झाला. यातल्या एकालाच राजकारणात जागा ठेवली असती, तर काय झालं असतं?

खरी अट आहे ती गावात

बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं. महाराष्ट्रात १ जानेवारी १९९५ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना सरपंच किंवा ग्रामपंचायत सदस्य व्हायचं असेल, तर सातवी पास असावं लागतं. म्हणजे खासदाराला काही नको, पण मोखाड्याच्या पाड्यावरच्या सदस्याला सातवी हवी.

हरियाणाने २०१५ मध्ये पंचायतीसाठी अशीच अट आणली, खुल्या गटातल्या पुरुषांना दहावी. डिसेंबर २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती वैध ठरवली. राजस्थाननेही अट आणली होती, २०१९ मध्ये तिथल्या सरकारने ती काढून टाकली.

"सातवी तर कुणीही होतं" असं बोईसरच्या फ्लॅटमध्ये बसून वाटू शकतं. जव्हार-मोखाड्यात दिवाळीनंतर घरंच्या घरं वीटभट्टीवर जातात. भिवंडी, वसईच्या भट्ट्यांवर पोरं आई-बापाबरोबर राहतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. यात शाळा सुटते ती आधी थोरल्या मुलीची, कारण धाकट्याला सांभाळायचं असतं. तीच मुलगी उद्या महिला राखीव जागेवर उभी राहू शकत नाही. तिला शाळेत टिकवणं हे सरकारचं काम होतं, ते झालं नाही आणि त्याची शिक्षा मात्र तिला.

शिवाय ही अट दरवर्षी मोठी होत जाते. आज ती तिशीच्या आसपासच्या आणि त्याहून लहान लोकांना लागते. दहा वर्षांनी चाळिशीतल्यांनाही लागेल.

मग मतदाराने बघायचं काय?

शिक्षण बघाच, पण ते खरं सांगितलंय का हे आधी बघा. सुप्रीम कोर्टाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळे प्रत्येक उमेदवाराला प्रतिज्ञापत्रात शिक्षण, मालमत्ता आणि गुन्हे लिहून द्यावे लागतात. ते निवडणूक आयोगाच्या वेबसाईटवर फुकट वाचता येतं. खोटी माहिती दिली तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. पण आपली खरी कमजोरी इथेच आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये उत्तर प्रदेशातल्या एका आमदाराच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की शिक्षणाची चुकीची माहिती देणं हा निवडणूक रद्द करण्याजोगा 'भ्रष्ट आचार' ठरत नाही. म्हणजे पाकिस्तानात दस्तींची खुर्ची गेली, इथे त्या कारणावर ती जाणं अवघड आहे.

दुसरं, माणूस कागद वाचतो का ते बघा. वाढवणचं ७६ हजार २२० कोटींचं बंदर येतंय, त्याचं भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्येच झालं. तारापूर एमआयडीसीच्या सांडपाण्याचा आणि स्फोटांचा प्रश्न आहे. वनहक्काचे दावे आहेत. यातला प्रत्येक विषय जाडजूड अहवालांचा आहे. आपला प्रतिनिधी ते स्वतः वाचतो, की जाणकाराला बोलावून समजून घेतो, की नुसती सही करतो, हे त्याने सभागृहात विचारलेल्या प्रश्नांवरून कळतं. लोकसभा आणि विधिमंडळाच्या वेबसाईटवर तेही सापडतं.

त्यामुळे पुढच्या वेळी ग्रुपवर तो मेसेज आला, की अंगठा देण्याआधी आपल्या आमदाराचं प्रतिज्ञापत्र उघडा. आणि आपल्या तालुक्यातल्या किती मुली सातवीच्या आत शाळेबाहेर पडल्या, हा प्रश्न त्यालाच विचारा. तो दहावी पास असो की डॉक्टर, उत्तर त्याने द्यायलाच हवं.