जप्तीच्या हुकमातून पेटलेले बंड

लंडनमध्ये वेस्टमिन्स्टर पुलाच्या टोकाशी, उधळलेल्या घोड्यांच्या रथात उभ्या असलेल्या बूडिका राणीचा जो भव्य कांस्यपुतळा १९०२ साली बसविण्यात आला, तो शौर्य आणि सूड यांचे दर्शन उत्तम घडवितो. परंतु ज्या कारणाने ही विधवा रथावर चढली ते कारण महसुलाच्या दफ्तरात घडलेले असल्यामुळे, त्या शिल्पात त्याला जागा मिळालेली नाही.

आजच्या नॉर्फकच्या परिसरात इसेनी नावाची केल्टिक जमात नांदत होती आणि तिचा राजा, बूडिकाचा पती प्रासुटागस, हा रोमचा मांडलिक होता. आपल्यामागे राज्य व घर सुखरूप राहावे, या हिशेबाने त्याने मृत्युपत्रात आपल्या दोन मुलींच्या जोडीला सम्राट नीरोलाही वारस नेमले. इ. स. ६० किंवा ६१ च्या सुमारास, राजाचा मृत्यू होताच, ते मृत्युपत्र रोमन अंमलदारांनी धाब्यावर बसविले. मुलूख जिंकून घेतल्याप्रमाणे लुटला गेला, सरदारांची वडिलोपार्जित वतने जप्त झाली, राणीला फटके मारण्यात आले आणि तिच्या मुलींची अब्रू लुटली गेली. त्यातच, क्लॉडियस बादशहाने स्थानिक मातब्बरांना दिलेल्या रकमा कॅटस डेसियानस या खजिन्याच्या मुख्य अधिकाऱ्याने कर्ज म्हणून परत मागितल्या, आणि विरक्तीचा उपदेश करणाऱ्या सेनेकानेही आपले प्रचंड कर्ज एकदम वसुलीला काढले, असे डिओ हा इतिहासकार सांगतो.

या बंडाचे खरे जनकत्व डेसियानसच्या दफ्तराकडे जाते, असे माझे मत आहे. शेजारची ट्रिनोव्हांटीस जमात इसेनींना येऊन मिळाली, ती काही राणीच्या अपमानाने व्यथित होऊन नव्हे. कॅम्युलोडूनम (आजचे कोल्चेस्टर) येथे वसविलेल्या निवृत्त रोमन शिपायांनी तिच्या जमिनी बळकावल्या होत्या आणि देवत्वाला पोचविलेल्या क्लॉडियसच्या मंदिराचा खर्चही तिच्याच माथी बसला होता. गाऱ्हाणी निरनिराळी असूनही ज्यांचा खलनायक एक असतो, त्यांना एकत्र आणण्यासाठी फार मोठ्या वक्तृत्वाची गरज पडत नाही.

पुढे जे घडले त्याचे समर्थन मात्र राणीच्या चाहत्यांनीही करू नये. सुभेदार सुएटोनियस पॉलिनस दूर मोना बेटावर ड्रुइड पुरोहितांचा बीमोड करण्यात गुंतलेला असताना कॅम्युलोडूनम, लोंडिनियम आणि व्हेरुलेमियम ही तिन्ही नगरे बंडखोरांनी जाळली, कैदी न घेता कत्तल केली, आणि त्या आगीचा लाल थर लंडन व कोल्चेस्टरच्या जमिनीखाली आजही सापडतो. रोमन इतिहासकार टॅसिटसच्या मते तेथे सत्तर हजार माणसे मेली आणि अखेरच्या लढाईत ऐंशी हजार ब्रिटन. आकडे विजेत्यांच्या बाजूचे असल्याने त्यांत अतिशयोक्ती असेल, तरी संहार दोन्हीकडून झाला हे निर्विवाद आहे. ज्याने हा वणवा लावला तो डेसियानस तेवढा गॉलमध्ये पळून सुरक्षित राहिला.

त्याच्या जागी आलेल्या क्लासिसियानसचे नाव सामान्य वाचकाला ठाऊक नसते. सुभेदार सूडाच्या भरात उरलासुरला मुलूख जाळीत असताना आणि पेरण्या न झाल्यामुळे लोक उपाशी मरत असताना, सुभेदार बदलल्याखेरीज युद्ध थांबणार नाही, असे या नव्या अधिकाऱ्याने रोमला स्पष्ट कळविले. टॅसिटस त्याच्यावर खाजगी वैराचा आरोप ठेवतो. पण टॅसिटसचा सासरा अग्रिकोला याच सुभेदाराच्या हाताखाली नोकरी करीत होता, हे ध्यानात घेऊनच तो आरोप वाचला पाहिजे. चौकशी झाली, काही काळाने सुभेदार बदलला आणि त्याच्यामागून आलेल्या टर्पिलियानसने कोणाची कुरापत काढली नाही. टॅसिटसने त्याला आळशी ठरविले, तरी रयतेला हवी होती ती स्वस्थता तिला त्याच्याच कारकिर्दीत लाभली.

हा धडा पुतळा उभारणाऱ्यांना तरी समजला होता काय? थॉर्निक्रॉफ्ट या शिल्पकाराने पुतळ्याचे काम हाती घेतले १८५६ च्या सुमारास, आणि त्याच्या दोनच वर्षे आधी इंग्रजांनी गंगाधररावांचा दत्तक वारस नाकारून झाशी खालसा केली होती. रोमविरुद्ध उठलेली विधवा ज्यांना वंदनीय वाटली, त्यांनीच लक्ष्मीबाईंना बंडखोर म्हटले. परक्या साम्राज्याचा अन्याय ओळखणे सोपे, स्वतःच्या दफ्तरातला ओळखणे दुष्कर.

म्हणून या इतिहासातून आजच्या राज्यकर्त्यांनी घ्यावयाचा बोध मला क्लासिसियानसच्या त्या अहवालात दिसतो. वसुली अधिकाऱ्याची योग्यता यंदाच्या जमेवरून ठरवू नये. तीच वसुली पुढल्या साली फौज न आणता होईल की नाही, हे आधी पाहावे.