एका 'फॉर'चा घोटाळा

मंडळी, माझ्या करिअरमधली सगळ्यात लाजिरवाणी चूक एका टीचभर शब्दाची आहे. फ्रीलान्सिंग नुकतंच सुरू केलं होतं. एका इंग्रजी मासिकासाठी साताऱ्याच्या प्रतिसरकारवर लिहायचं होतं. मी झोकात लिहिलं, क्रांतिसिंह नाना पाटील 'स्टूड अप फॉर द ब्रिटिश'. संध्याकाळी संपादकांचा फोन. "काय गं, नाना पाटील इंग्रजांच्या बाजूचे होते का?"

माझी बोलतीच बंद! 'स्टँड अप टू' म्हणजे एखाद्यासमोर छाती काढून उभं ठाकणं. 'स्टँड अप फॉर' म्हणजे त्याच्या पाठीशी उभं राहणं. एवढ्याशा शब्दानं मी क्रांतिसिंहांना इंग्रजांचं पाठीराखं करून टाकलं होतं. त्यात माझं आजोळ कुंडलजवळचं, म्हणजे प्रतिसरकारच्या बालेकिल्ल्यातलं. आजीला इंग्रजी येत नव्हतं म्हणून मी वाचले!

तेव्हापासून या गटातल्या शब्दांसाठी मी आपल्याच भागातली उदाहरणं डोक्यात फिट्ट बसवलीत.

पहिला शब्द डिफेंड. हल्ला झालाय आणि तुम्ही तो परतवताय. 1699 च्या डिसेंबरमध्ये औरंगजेबानं साताऱ्याच्या अजिंक्यताऱ्याला वेढा घातला. प्रयागजी प्रभूंनी 1700 च्या एप्रिलपर्यंत किल्ला लढवला. हे 'लढवणं' म्हणजे डिफेंड. क्लायंटनं तुमच्या प्रेझेंटेशनवर तोफ डागली, की तुम्ही करता तेही तेच.

दुसरा, प्रोटेक्ट. यात झळ पोचू नये म्हणून आडोसा करणं आलं. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी आहे 45 फूट. लोकांनी घराची कागदपत्रं, मुलांची सर्टिफिकेटं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर टाकली. हे प्रोटेक्ट. कशापासून, हे सांगायला पुढे 'फ्रॉम' किंवा 'अगेन्स्ट' लावा, दोन्ही चालतं.

तिसरा, रेझिस्ट. समोरून जोर येतोय आणि तुम्ही नमत नाही. 1943 ते 1946 या काळात सातारा जिल्ह्यातल्या गावांनी इंग्रजी हुकमत झुगारून आपली न्यायदान मंडळं चालवली, स्वतःची तुफान सेना उभारली. आजच्या सांगलीचा बराच भाग तेव्हा साताऱ्यातच होता. हे खरं रेझिस्ट. इथे एक ट्रॅप आहे, बरं का! आपण मराठीत 'च्या विरुद्ध' म्हणतो, म्हणून 'रेझिस्ट अगेन्स्ट' लिहून मोकळे होतो. तो 'अगेन्स्ट' नको. नुसतं 'दे रेझिस्टेड द ब्रिटिश'.

आणि अपोझ? मीटिंगमध्ये 'मला हे पटत नाही' म्हणणं म्हणजे अपोझ. त्यानंतर दबाव आला तरी न झुकणं म्हणजे रेझिस्ट. साताऱ्याचा कंदी पेढा समोर आल्यावर मात्र आपण 'कान्ट रेझिस्ट ईटिंग'. 'टू ईट' नव्हे, 'ईटिंग'!

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे गेल्या महिन्यात आलेला मैत्रिणीचा फोन. तिच्या टीममधल्या नव्या मुलीवर भलत्याच कुणाच्या चुकीचं खापर फुटत होतं. हिनं मॅनेजरला मेल टाइप केला, 'आय वॉन्ट टू स्टँड अप टू हर', आणि सेंड करण्याआधी मला वाचून दाखवला. म्हणजे जिला वाचवायचं, तिच्यावरच धावून जाण्याची भाषा! मी म्हटलं, "बाई, टू बदल, फॉर कर." तिनं बदललं आणि मेल पाठवला. त्या मुलीचं नाव क्लिअर झालं.

मग मीही तिला माझा नाना पाटलांचा किस्सा सांगितला. ती पोट धरून हसली. तुम्हीही हसा, पण पुढचा मेल पाठवण्याआधी एकदा बघा. तुम्ही कुणासाठी उभे आहात आणि कुणासमोर? ते मनात पक्कं असलं, की 'फॉर' आणि 'टू' आपापल्या जागी बसतात.