वाघांचा खर्च कोणी सोसायचा?

एप्रिल २०२४ मध्ये भूतानमधील पारो येथे वाघांच्या अधिवासांसाठी निधी उभारण्याच्या हेतूने एक आंतरराष्ट्रीय परिषद भरली. वाघ आज दहा देशांत शिल्लक आहे. त्या देशांतील जंगलांसाठी दहा वर्षांत एक अब्ज डॉलर्स उभे करण्याचे उद्दिष्ट तेथे जाहीर झाले. त्यानंतर दोनच महिन्यांनी, जून २०२४ मध्ये, आपल्या राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने राज्यांना एक पत्र धाडले. व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रांत अद्याप ५९१ गावे आणि ६४,८०१ कुटुंबे आहेत, त्यांच्या स्थलांतराला अग्रक्रम द्यावा, असा त्याचा आशय होता. या दोन घटना शेजारी ठेवून पाहिल्याखेरीज व्याघ्रसंवर्धनाचे अर्थकारण उमगणार नाही.

आकडेमोड साधी आहे. स्थलांतरित कुटुंबामागे पंधरा लाख रुपये हा २०२१ मध्ये ठरलेला दर. त्या हिशेबाने ६४,८०१ कुटुंबांचा खर्च सुमारे ९,७२० कोटी रुपये होतो. पारोचे एक अब्ज डॉलर्स त्या वेळच्या विनिमयदराने साधारण ८,३०० कोटी रुपये होतात, आणि तेही दहा देशांत, दहा वर्षांत वाटायचे. म्हणजे साऱ्या जगाने मिळून वाघासाठी जेवढे जमविण्याची आकांक्षा धरली, त्याहून अधिक रक्कम एकट्या भारताला केवळ माणसे हलविण्यासाठी लागेल. रखवालदारांचे पगार, वणव्यांचा बंदोबस्त, पिकांची आणि गुरांची भरपाई हे सारे त्यापलीकडचे.

तेव्हा परकीय पैशाने आपले वाघ वाचविले, हा समज टिकण्यासारखा नाही. आणि परकीय पैसा आपली जंगले गिळतो आहे, हा आपल्या काही कार्यकर्त्यांचा आवडता सिद्धान्तही तितकाच अपुरा आहे. रक्कम मुळात लहान आहे. तिचे वजन पडते ते रकमेमुळे नव्हे, तर तिच्याबरोबर येणाऱ्या कल्पनेमुळे.

१ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा जागतिक वन्यजीव निधीने त्यासाठी दहा लाख डॉलर्स देऊ केले होते. पहिल्या नऊ क्षेत्रांत आपला मेळघाट होता. प्रकल्पाचे यश नाकारण्याचे कारण नाही. १९७२ च्या गणनेत १,८२७ वाघ आढळले होते. २०२२ च्या अंदाजानुसार ती संख्या ३,६८२ आहे. मोजण्याच्या पद्धती बदलल्या हे खरे, तरी वाघ नामशेष झाला नाही ही लहान गोष्ट नव्हे. परंतु त्याच मेळघाटातील कोरकू बालकांच्या मृत्यूंनी १९९३ मध्ये महाराष्ट्र हादरला, हेही विसरता येत नाही. ते मृत्यू व्याघ्र प्रकल्पामुळे झाले असे म्हणण्याचा उथळपणा मी करणार नाही. पण वाघाची गणना वीस वर्षे काळजीने करणाऱ्या शासनाला त्याच जंगलातील मुलांच्या वजनाचा काटा एवढ्या उशिरा का सापडला, हा प्रश्न उरतोच. त्या काळात विद्यार्थ्यांना घेऊन तिकडे गेलो असता एका कोरकू वृद्धाच्या तोंडून ‘कोअर’ आणि ‘बफर’ हे शब्द इतक्या सहजपणे ऐकले की मी चमकलो. ज्याला आपल्या शेताचा सातबारा कधी मिळाला नाही, त्याला या दोन शब्दांची हद्द मात्र पाठ होती.

माणसाविण जंगल हेच खरे जंगल, ही ती कल्पना. नव्वदीच्या दशकाच्या उत्तरार्धात जागतिक बँक आणि जागतिक पर्यावरण सुविधा यांच्या साहाय्याने सुमारे ६ कोटी ७० लाख डॉलर्सचा परिसर-विकास प्रकल्प सात अभयारण्यांत राबविला गेला. त्यातील काही भाग अनुदान होता, काही कर्ज. कर्नाटकातील नागरहोळे येथील आदिवासींनी १९९८ मध्ये थेट बँकेच्या तपासणी मंडळाकडे तक्रार नेली : आमच्याशी सल्लामसलत न करताच आमचे भवितव्य ठरविले गेले. मंडळाने चौकशीची शिफारस केली. बँकेच्या संचालकांनी ती मानली नाही. जे व्यवस्थापन आरोपी होते त्याच्यावरच सुधारणेचे काम सोपविले. सावकारानेच स्वतःच्या वहीची तपासणी करावी, तसा हा प्रकार.

त्याच प्रकल्पाने केरळातील पेरियारमध्ये मात्र वेगळे घडविले. जंगलातून दालचिनीची साल चोरून नेणाऱ्या टोळीलाच तेथे वाटाडे आणि राखणदार म्हणून काम मिळाले आणि ते टिकले. पैसा एकाच पेटीतला होता. फरक पडला तो निर्णयाच्या जागेत. कर्नाटकातील बिळिगिरीरंगन टेकड्यांत तर सोलिगा आदिवासींचे सामूहिक वनहक्क २०११ मध्ये मान्य झाले आणि तेथील वाघांचा अंदाज २०१० मधील ३५ वरून २०१४ मध्ये ६८ वर गेला. प्रत्येक जंगलात असेच होईल असा माझा दावा नाही. पण माणूस हटविल्याशिवाय वाघ वाढतच नाही, हा नियम येथे मोडला.

अर्थशास्त्राच्या परिभाषेत वाघ ही जागतिक सार्वजनिक वस्तू आहे. तो जिवंत असल्याचे समाधान लंडनच्या गृहस्थाला मिळते, मुंबईच्या पर्यटकाला मिळते. त्याची किंमत चंद्रपुरात मोहफुले आणि तेंदूपाने वेचायला गेलेली बाई मोजते, कधी प्राणाने. लाभ जगभर विखुरलेला आणि खर्च मूठभरांच्या डोक्यावर, अशी स्थिती असताना जगाने पैसे देणे हा उपकार नव्हे, ती थकबाकी आहे. ती नाकारण्याचा स्वदेशी अभिमान मला पटत नाही. फक्त थकबाकी ज्याची आहे त्याच्या हाती पडावी, वनखात्याच्या नव्या जीपगाड्यांत जिरू नये.

आपल्या सरकारची नियत पाहायची तर परदेशाकडे पाहण्याची गरजही नाही. खाणी, धरणे, रस्ते यांसाठी जंगल तोडणाऱ्यांकडून वसूल होणारा वनीकरण निधी आहे. २०१९ मध्ये त्यातून ४७,००० कोटींहून अधिक रुपये राज्यांकडे वर्ग झाले. २०१८ च्या नियमांनुसार हाच निधी अभयारण्यांतील गावे उठविण्यास वापरता येतो. एक जंगल तोडल्याचे पैसे, दुसऱ्या जंगलातील माणसे हलविण्यासाठी! आणि ज्या पन्नातून २००९ पर्यंत वाघ संपले, मग मोठ्या कष्टाने परत आणले, तेथेच ४४,६०५ कोटींच्या केन-बेतवा जोडप्रकल्पासाठी हजारो हेक्टर जंगल बुडविण्याचे ठरले. डिसेंबर २०२४ मध्ये पायाभरणीही झाली. गाभा क्षेत्र पवित्र असते ते कोरकूंपुरते आणि गोंडांपुरते, धरणापुरते नव्हे.

आता कायद्याचे कलम. वनहक्क कायदा, २००६, कलम ४(२) : आधी वनहक्कांच्या मान्यतेची प्रक्रिया पूर्ण हवी, सहजीवन शक्य नाही हे सिद्ध झालेले हवे, ग्रामसभेची स्वेच्छेची, माहितीपूर्ण, लेखी संमती हवी, आणि नव्या जागी जमीन व सोयी तयार झाल्याखेरीज कोणालाही हलविता येत नाही. मेळघाट, ताडोबा, पेंच, नवेगाव-नागझिरा, बोर आणि सह्याद्री, महाराष्ट्रातील या सहाही प्रकल्पांतील आपल्या कार्यकर्त्यांनी प्रत्येक गावापुरती ही चार कागदपत्रे मागावीत. ‘स्वेच्छा पुनर्वसना’च्या यादीत गाव आहे आणि ग्रामसभेच्या ठरावाची प्रत मात्र गावात कोणापाशी नाही, असे आढळले, तर त्या गावाचे नाव या साप्ताहिकाकडे कळवावे.